भारत बघायला निघालेल्या पोलादपूरकरास

काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर ३,२१४ किलोमीटर. हा सोपा भाग. कसोटी लागते ती आपल्या कोंडापासून पोलादपूर स्टँडपर्यंत आणि तिथून पुढं वीर स्टेशनापर्यंत. मोबाइलवर ‘सोलो बॅकपॅकिंग’चे व्हिडिओ बघून ज्यांना एकट्यानं भारत पालथा घालायची हुक्की आली आहे, त्यांनी सॅक विकत घ्यायच्या आधी हे वाचावं. व्हिडिओवाले दिल्ली-बंगळुरूचे असतात. त्यांना दाराबाहेर पडलं की टॅक्सी भेटते, तुम्हाला भावकी भेटणार.

प्रथम तारखा. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा, पेन्सिल घ्या आणि महिने खोडायला लागा. जूनमध्ये रोपं, जुलैत लावणी. शेतात वाकायला माणूस मिळत नसताना तुमचा लडाखमधला फोटो आला तर वडील तो जन्मभर विसरणार नाहीत. मग गणपती. तेव्हा मुंबईतला झाडून सगळा गाव घरी येतो. गावातलाच माणूस बाहेर गेल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. पुढं कापणी, झोडणी, दिवाळी, तुळशीचं लग्न. त्यानंतर हरिनाम सप्ताह सुरू होतात आणि तुम्हाला पखवाज येत असेल तर तो काळही गेलाच, कारण शेजारच्या तीन गावांत पखवाजी नाही. मार्चात शिमगा. एप्रिल-मे लग्नं, जत्रा आणि पावसाआधी कौलं चाळायची. उरतो जानेवारीचा एक तुकडा. त्यातही वाडीची क्रिकेट स्पर्धा असते, पण तुम्ही अकरावे खेळाडू असाल तर सुटाल. जानेवारीत उत्तरेकडं धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास खोळंबतात, म्हणून पहिल्या खेपेला दक्षिण धरावी. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशे वीस दिवस आधी उघडायचं. चार महिन्यांपुढचं ठरवायची आपल्याकडं पद्धतच नाही, त्यामुळे हा बदल आपल्या सोयीचाच झाला.

तारीख ठरली की घरी सांगणं आलं. ‘एकटाच फिरायला चाललोय’ हे वाक्य मात्र कोणत्याही परिस्थितीत उच्चारू नये. त्यावर ‘कुठं?’ असा प्रश्न येत नाही, ‘का रे, काय झालं?’ असा येतो. आईला वाटतं कोणाशी तरी बिनसलं. काकांना वाटतं उधारी झाली. आजीला वाटतं पोरगं बुवाच्या नादी लागलं. तेव्हा आराखड्यातलं प्रत्येक ठिकाण आधी देवाच्या नावावर करून घ्या. दिल्ली लिहू नका, मथुरा-वृंदावन लिहा. दिल्ली तिथून पुढंच आहे. हंपीला विरूपाक्षाचं दर्शन आहे. केरळात वर्कल्याला जनार्दनस्वामींचं पुरातन देऊळ आहे एवढं सांगितलं की पुरे, त्याच गावाला समुद्रकिनाराही आहे हे कोणी विचारलं तरच बोलावं. गोव्याला मात्र इलाज नाही. मंगेशी, शांतादुर्गा सगळं सांगून बघा, काका तरीही हसणारच.

ही युक्ती आपल्या जिल्ह्यात जुनीच आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली हिंदुस्थानात निघाले, तेव्हा घराला कर्ज होतं आणि घरच्यांना सांगायला कारणही भक्कम होतं: बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तिथं दक्षिणा मिळेल. बरोबर काका होतेच. भटजींनाही एकटं कोणी सोडलं नाही. त्यांच्या आराखड्यात बंड कुठंच नव्हतं. वाटेत ते सुरू झालं आणि इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा काका-पुतणे शहरातच होते. मिळवलेलं लुटलं गेलं, घरी आली ती गंगेची कावड. या सगळ्याचं त्यांनी लिहिलेलं ‘माझा प्रवास’ छापून आलं ते १९०७ साली. नवशिक्यानं त्यातून एवढंच घ्यावं की आराखड्यात दोन-चार दिवस मोकळे सोडावेत. गोडशांना वर्षं सोडावी लागली.

निघणारी मुलगी असेल तर एसटीत तिकीट अर्धं आणि घरात अर्ज दुप्पट. तिला दर स्टेशनवरून फोन करायला सांगितलं जाईल, भावाला सांगितलं जात नाही. भाऊ हरवला तरी चालतो असा त्याचा अर्थ निघतो, पण तो घरात बोलून दाखवू नये. तिनं आईला आधी स्वतःच्या बाजूला घ्यावं. आई फोनवर लोकेशन बघायला शिकली की रात्री अकराला तीच सगळ्या घराला सांगत बसते, ‘आता मदुराई सोडलं.’ वडिलांपेक्षा तिला भूगोल लवकर येतो.

सल्ला कोणाचा घ्यावा? मुंबईच्या चुलतभावाचा घेऊ नये. तो आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाऊन आलेला असतो आणि तेवढ्यावर हिमालयाबद्दल बोलतो. आपल्या भागात भारत पाहिला तो फौजींनी. महाड तालुक्यातलं अंबवडे तर नावातच ‘फौजी’ लावतं; पहिल्या महायुद्धापासून तिथली माणसं पलटणीत आहेत. अशा एखाद्या निवृत्त सुभेदारांच्या ओटीवर संध्याकाळी जाऊन बसा. नकाशा काढू नका, आधी चहा होऊ द्या. त्यांच्या भारतात राज्यं नसतात, छावण्या असतात: बेळगाव, सागर, अंबाला, जोधपूर, तेजपूर. कुठल्या स्टेशनवर पहाटे पुरी-भाजी चांगली, कुठं पाण्याची बाटली आधीच भरून घ्यायची, कुठं रात्री उतरून बाहेर न पडता फलाटावरच उजाडू द्यायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. यातली काही माहिती पंचवीस वर्षं जुनी निघेल. तरीही ती ऐकून घ्यावी, कारण मग ते तुमची सॅक मागतात.

सॅक ओटीवर उपडी केली जाते. चार जीन्स बाजूला. केसांचं जेल बाजूला. घडीचा स्टूल, जो तुम्ही ऑनलाइन सेलमध्ये घेतला, तो हातात धरून ते नुसतं बघतात. मग उरलेलं परत भरतात: जड सामान पाठीला टेकून, हलकं तळाशी, पावसाचं वर. दोन जोड कपडे, तीन जोड मोजे, पायाला पावडर, सुई-दोरा. ‘पट्टा कमरेवर आवळ. ओझं कमरेनं उचलायचं, खांद्यानं नाही.’ बूट नवे असतील तर ते पायात घालून महिनाभर बांधावरून फिरायला सांगतात. गाव हसेल, हसू द्यावं. फोड केरळात येण्यापेक्षा इथं आलेला बरा, इथं निदान हळद लावायला आजी आहे.

सुभेदारांनी सॅक अशी हलकी केली की ती घरी आणावी लागते आणि तिथं आई असते. चाळीस लिटरच्या सॅकेत पुढीलप्रमाणे माल भरला जातो: डोंबिवलीच्या आत्याला पाच किलो तांदूळ, कडवे वाल, कुळथाचं पीठ, आमसुलं, नालासोपाऱ्याच्या मामाला सुकट. तुम्ही केरळला चालला आहात, नालासोपारा वाटेत नाही, हे सांगून उपयोग नाही. ‘मुंबईवरूनच जाणार ना?’ सुकटीबद्दल वेगळी सूचना. ती तीन पिशव्यांत, मग वर्तमानपत्रात, मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात घालावी आणि तरीही एसी डब्यात नेऊ नये. स्लीपरला खिडकी उघडी असते. शेजारी वसई-पालघरचा निघाला तर तो वास ओळखतो, विषय काढतो आणि वाटभर बोलायला माणूस मिळतो.

आता वाट. वाडीत संध्याकाळी येऊन मुक्काम करणारी वस्तीची गाडी सकाळी परत फिरते, तीच धरायची. चालक-वाहक रात्री शाळेत झोपलेले असतात, त्यांना पहाटे चहा नेऊन द्या. सॅक मांडीवर घेऊन बसायची वेळ येत नाही. पोलादपूर स्टँडवर उभं राहिलं की मन भरून येतं, कारण इथून वाटा फुटतात: आंबेनळीनं महाबळेश्वर, कशेडीनं खेड, उलट दिशेला महाड. महाडहून वरंध घाटानं भोर-पुणे. पण यातली एकही वाट तुम्हाला लांब पल्ल्याच्या गाडीला सरळ नेऊन जोडत नाही. वीरला रेल्वे १९९३ साली आली. तेव्हा रोह्याहून निघालेली कोकण रेल्वे वीरलाच संपत होती, म्हणून गाडीला थांबणं भाग होतं. १९९८ साली मार्ग पुढं मंगळूरकडं पुरा झाला आणि बहुतेक मोठ्या गाड्यांना वीरला थांबायचं कारण उरलं नाही. दिल्लीहून केरळला जाणारी मंगला एक्स्प्रेस शेजारच्या महाड तालुक्यातूनच जाते. तिच्यात चढायला आधी शंभरावर किलोमीटर उत्तरेला पनवेल गाठायचं, मग तीच गाडी तुम्हाला घेऊन वीरवरून दक्षिणेला निघून जाते. आराखड्यात हा भाग ‘पहिला दिवस’ म्हणून लिहा. पनवेलला किती वाजता पोचू हे गुगल सांगतं, पण गुगल कधी माणगावच्या बाजारात अडकलेलं नाही. महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, तुम्ही तरुण आहात, त्यामुळे पुरं झालेलं बघायची तुम्हाला चांगली संधी आहे.

पावसाळ्यात निघावं का, हे आपल्याकडं कोणी विचारू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडला आणि दोन एसट्या नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली. वरंध घाट पावसात बहुधा बंदच ठेवतात. एवढ्यापुरती थट्टा बाजूला.

भारताआधी एक सराव करावा. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा पास मिळतो, चार किंवा सात दिवसांचा. तो काढून आधी आपलेच दोन तालुके बघा, कारण बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा फजिती होते. शिवथरघळीला गेलात का? शाळेच्या सहलीत. गांधारपाले लेणी? महामार्गावरून दिसतात. सवचे गरम पाण्याचे झरे, वाळण कोंडीतले मासे, उमरठची तानाजींची समाधी, सगळ्याला उत्तर एकच: ‘जायचं आहे.’ पुण्याहून आलेली मंडळी ढवळे गावातून चंद्रगड करून वर महाबळेश्वराच्या ऑर्थर सीटला निघतात. पाठीवर साठ लिटरची सॅक, हातात दोन काठ्या, कपाळावर बॅटरी. पुढं वाट दाखवायला गावातला काका: पायात स्लीपर, कमरेला कोयता, खांद्याला त्यांच्यापैकीच एका दमलेल्या पोराची पिशवी. या काकांबरोबर एक फेरी करा. ते कुठं थांबतात, कधी पाणी पितात, ढग बघून कुठून मागं फिरतात, हे कुठल्याच व्हिडिओत नाही.

दुसरा सराव २० मार्चला, तोही तिकीट न काढता. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. दरवर्षी त्या तारखेला लांबलांबून माणसं महाडला येतात, विदर्भातून, मराठवाड्यातून आणि राज्याबाहेरूनही. कडेवर मूल, हातात पिशवी, पिशवीत भाकरी नि ठेचा. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि कसे आलात ते विचारा. कुठली पॅसेंजर, कुठं बदली, रात्री कुठं टेकलात, किती खर्च आला. आराखडा कसा करतात ते तुम्हाला दोन तासांत कळेल. मुक्कामाला निळा झेंडा दिसेल तिथं विचारायचं, हा त्यातला पहिला नियम. वारकऱ्याला विचारलंत तर तो झेंड्याचा रंग बदलून तेच सांगेल. महाडचे लोक त्या दिवशी वाहतूक कोंडीबद्दल कुरकुरतात. तुम्ही कुरकुरू नका, तुम्हाला पुढं नागपूर स्टेशनवर ओळख लागणार आहे.

खर्चाचं फार लिहीत नाही. निघताना प्रत्येक जण हातावर शंभर-पन्नास टेकवतो आणि प्रत्येक जण काहीतरी आणायला सांगतो. दोन्हीची बेरीज केली तर तुम्ही तोट्यात असता. कांजीवरमची साडी ‘तिथं स्वस्त मिळते’ असं म्हणणाऱ्या काकूंना किंमत निघण्यापूर्वीच फोनवर दाखवून मोकळं व्हावं.

एवढं सगळं जुळून येतं आणि आदल्या रात्री आजी विचारते, ‘रामेश्वर लागेल का रे वाटेत?’ आराखड्यात रामेश्वर तुम्हीच लिहिलेलं असतं, परवानगीसाठी. आता नाही म्हणता येत नाही. सुभेदारांना विचारलंत तर ते म्हणतील, ‘घेऊन जा, तुझ्यापेक्षा जास्त चालेल ती.’ सॅकेतली सुकट बाहेर काढा, तिच्या गोळ्या आत टाका. राज्यात एसटीच्या तिकिटाची काळजी नको, पंचाहत्तर पूर्ण असतील तर तिला प्रवास मोफत आहे. तुम्हाला पूर्ण पैसे पडतील. तिचं आधार कार्ड मात्र मूळ ठेवा.