यंत्राला मन असावेच

राज्याने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, पाचशे कोटी ठेवले. ‘महाविस्तार’ ॲप शेतकऱ्याला मराठीत उत्तरे देऊ लागले. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीच्या शिवारात सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसला, तर काय फवारायचे हे रात्री अकरालाही विचारता येते. हे चांगलेच झाले. पण यंत्राला बुद्धी दिल्यावर मन द्यायचे राहून जाऊ नये.

त्याचे मन कसे असावे, यावर आपणा सर्वांचे एकमत आहे. त्याने मध्येच न तोडता ऐकावे. काल सांगितलेले आज लक्षात ठेवावे. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या’ म्हणू नये. पीकविम्याच्या नियमाप्रमाणे नुकसान ७२ तासांत कळवावे लागे. तशा तीन दिवसांत काळ्या पडलेल्या शेंगा हातात घेऊन बांधावर उभ्या असलेल्या माणसाला काय होते, हे यंत्राला उमगावे. माणसाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. त्याला जेवणाची सुट्टी असते, त्याची बदली होते. करुणेसारखे काम कायमस्वरूपी यंत्राकडेच असलेले बरे.

शिवाय खर्चही फार नाही. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्राम जगापुढे मांडला. तो आपलेच वाक्य प्रश्न करून परत देई, कळत त्याला काहीच नसे. तरी वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. ते बिचारे पुढे आयुष्यभर या गोष्टीने अस्वस्थ राहिले. इतक्या कमी समजुतीत माणसाला इतके बरे वाटते, ही केवढी बचत!

वेदना मात्र यंत्राला देऊ नये. २००७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी कुणाला किती मन असते हे लोकांना विचारले, तेव्हा लोकांनी रोबोटला थोडीफार विचारशक्ती मान्य केली, पण भूक, भीती, दुःख जवळजवळ नाहीच. योग्यच आहे. दुखणारे यंत्र उद्या मदत मागेल. दुखण्यासाठी आपल्याकडे माणसे आहेत. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज दिले, त्यांत वाशीम होता. अनुभवाची इथे कमतरता नाही.

यंत्राला वऱ्हाडी तेवढी शिकवावी. ‘काय सांगू बाप्पा, यंदा काहीच हाती नाई लागलं,’ असे कुणी म्हणाले, तर त्याने भाव, हवामान, खते यांची माहिती लगेच सांगू नये. थोडे थांबून ‘जेवला का?’ एवढेच विचारावे. घरात तिघे मोबाइल बघत बसलेले असताना चौथ्याला हे विचारणारे कुणीतरी हवे.