पुरावेकर

क्रीडा-ॲनिमे, म्हणजे खेळांवरच्या जपानी ॲनिमेशन-मालिका, पाहणाऱ्यांच्या कुठल्याही टोळक्यात एक पुरावेकर असतोच. हे त्याचं खरं आडनाव नव्हे, कर्तृत्वावरून मिळालेलं आहे. वय पंचवीस ते पस्तीस, नोकरी बरी, टी-शर्टवर व्हॉलीबॉल संघाचं नाव, तेही जगात नसलेल्या एका जपानी शाळेच्या. गप्पा रंगात आलेल्या असतात, कुणीतरी सहज म्हणतं, "त्या दोघांचं प्रेमच आहे रे एकमेकांवर," आणि कोपऱ्यातून आवाज येतो, "पुरावा काय?"

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. समलिंगी माणसांना त्याचा मुळीच विरोध नाही. हे तो स्वतःच, कुणीही विचारलेलं नसताना, दर अर्ध्या तासाने सांगतो. त्याचं म्हणणं एवढंच, की खेळाच्या मालिकेत खेळ असावा. दोन मुलं एकमेकांकडे टक लावून बघत असतील तर ती प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करत असतात.

'युरी!!! ऑन आइस' हा त्याचा खास विषय. 2016 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात आलेले बारा भाग. सायो यामामोतो आणि मित्सुरो कुबो या दोघींनी रचलेली गोष्ट, यामामोतोंचं दिग्दर्शन, आणि बर्फावरची नृत्यं केंजी मियामोतो या खऱ्याखुऱ्या माजी आइस डान्सरने बसवलेली. खचलेला जपानी स्केटर युरी कात्सुकी आणि त्याला शिकवायला थेट त्याच्या घरी येऊन थडकलेला रशियन जगज्जेता व्हिक्टर. सातव्या भागात चीनमधल्या स्पर्धेत युरीचं सादरीकरण संपतं, व्हिक्टर धावत येऊन त्याच्यावर झेपावतो आणि दोघं बर्फावर आडवे होतात. त्या झेपेत ओठांना ओठ लागले की नाही, ते नेमकं व्हिक्टरच्या हाताआड झाकलं जातं. जगभरातल्या चाहत्यांनी किंकाळ्या फोडल्या. पुरावेकरने मात्र तेवढा भाग मागे नेला, थांबवला, पुन्हा मागे नेला.

"मध्ये बाही आहे," तो म्हणाला. "बाहीच्या मागे काहीही चाललेलं असू शकतं."

"उदाहरणार्थ?" त्याच्या मामेबहिणीने विचारलं. ही मुलगी त्याच्या आयुष्यातली मोठी अडचण आहे.

"कानात काहीतरी सांगत असेल."

"दादा, कान तोंडावर असतो का?"

दहाव्या भागात बार्सिलोनामध्ये युरी सोन्याच्या दोन अंगठ्या विकत घेतो आणि चर्चसमोर, मागे समूहगान चालू असताना, दोघं त्या एकमेकांच्या बोटांत घालतात. थायलंडचा स्केटर पिचित भर हॉटेलात लग्नाबद्दल अभिनंदन करून मोकळा होतो. व्हिक्टर हसत सांगतो, ही साखरपुड्याची अंगठी, सुवर्णपदक मिळालं की लग्न. आता याहून जास्त काय हवं, असं तुम्हाला वाटेल. पण पुरावेकर बाराव्या भागापर्यंत दम धरतो. तिथे युरीला रौप्य मिळतं. अवघ्या 0.12 गुणांनी सुवर्ण हुकतं.

"बघा," पुरावेकर म्हणतो, "अट पूर्ण झालेली नाही."

2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये एक जपानी जोडी त्याच मालिकेच्या संगीतावर स्केटिंग करून गेली, तेव्हा तर त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. कारण त्या जोडीत एक मुलगा होता आणि एक मुलगी.

एरवी मात्र याच माणसाला प्रेम ओळखायला काहीही लागत नाही. 'स्लॅम डंक' ही बास्केटबॉलची चित्रकथा घ्या. हारुको हानामिचीला विचारते, तुला बास्केटबॉल आवडतो का, आणि हा दांडगा मुलगा तेवढ्यावर खेळात पडतो. हारुकोचा जीव त्याच्याच संघातल्या रुकावावर. एकतीस खंड संपतात तरी ती हानामिचीवर प्रेम असल्याचं एकदाही म्हणत नाही. पुरावेकरच्या मनात मात्र त्या दोघांचं लग्न केव्हाच झालंय. पुरावा? "अरे, दिसतं की ते!" मुलीने मुलाला रुमाल दिला की दिसतं. मुलाने मुलाला अंगठी घातली की बाही आड येते.

फॅनसर्व्हिसचा, म्हणजे प्रेक्षकांच्या डोळ्यांची मुद्दाम राखलेली बडदास्त हा जो प्रकार आहे त्याचा, विषय निघाला की तो नीतिमान होतो. 2013 साली क्योतो ॲनिमेशनची 'फ्री!' आली. आधी पोहणाऱ्या पोरांची एक छोटीशी जाहिरात फिरली, बायकांनी ती डोक्यावर घेतली आणि उन्हाळ्यात मालिका हजर. त्याच कंपनीच्या 'के-ऑन!'मधल्या चहा पिणाऱ्या, गिटार वाजवणाऱ्या मुलींवर जीव टाकणारे पुरुष चाहते तेव्हा असे बिथरले, की जणू घरचं तळं कुणी परक्याला विकलं. पुरावेकरचा आक्षेप साधा आहे: पोहण्याच्या मालिकेत लोकांच्या अंगावर कपडे फार कमी आहेत.

आता योगायोग बघा. 'युरी' लागली त्याच हंगामात 'केइजो' नावाची मालिकाही लागली होती. पाण्यावर तरंगणाऱ्या मंचावर पोहण्याच्या पोशाखातल्या बायका, हातपाय न वापरता, छातीने आणि पार्श्वभागाने धक्के देऊन एकमेकींना पाण्यात पाडतात. हा खेळ निव्वळ कल्पनेतला. पुरावेकरने ती पूर्ण पाहिली. त्याच्या मते ती डावपेचांची मालिका आहे.

"हे सगळं आजकालच्या पोरींचं खूळ," हा त्याचा ठेवणीतला हुकमी एक्का. तोही फसवा. 'कॅप्टन त्सुबासा' ही फुटबॉलची चित्रकथा 1981 साली सुरू झाली, शाळकरी मुलांसाठी. त्याच दशकात जपानी बायकांनी तिच्यातल्या खेळाडूंच्या जोड्या लावून हौशी पुस्तिकांचा असा पूर आणला, की 1975 पासून भरणाऱ्या कोमिकेत या त्यांच्या जत्रेचं रूपच पालटलं. त्या बायका आता आज्या झाल्या असतील. खेळाच्या गोष्टीत घाम, रडणं, मिठ्या आणि 'तुझ्यावाचून मी जिंकूच शकत नाही' ही वाक्यं ठासून भरायची आणि मग वाचकाने प्रेमाचा अर्थ काढला की दचकायचं, याला काय म्हणावं?

एक मुद्दा मात्र वजनाचा आहे आणि तो पुरावेकरचा नाही. समलिंगी प्रेक्षकांतलेच काही जण म्हणतात, आम्हाला नुसतं झुलवतात. अंगठ्या दाखवतात, पोस्टरं विकतात आणि 'प्रेम' हा शब्द उच्चारायची वेळ आली की कॅमेरा समुद्राकडे फिरतो. ही तक्रार मला पटते, जरी 'युरी'ला ती थोडी अन्यायाने लागू होते असं वाटतं. या गोष्टीच्या जगात कुणालाही आपल्या आवडीपायी हिणवलं जाणार नाही, असं कुबो यांनी उघडपणे सांगितलं होतं आणि मालिकेत खरंच कुणी कुणाला हिणवत नाही. पुरावेकरने ही तक्रार कुठूनतरी उचलली आणि उलटी करून अंगावर चढवली: "बघा, तेच म्हणतायत की दाखवलेलं नाही!" ज्यांना अधिक हवं होतं त्यांचं वाक्य तो काहीच नको म्हणून वापरतो.

तरी त्याच्याशी वाद घालताना एक गोष्ट खटकत राहते: या मालिकेतलं त्याच्याइतकं कुणालाच पाठ नाही. अंगठी कुठल्या हातात, मेजवानीतल्या फोटोत दारू पिऊन नाचणारा युरी कुणाच्या गळ्यात पडलाय, व्हिक्टरच्या कुत्र्याचं नाव माक्काचिन, सगळं तोंडपाठ. नाही सिद्ध करायचं म्हणून माणसाला किती बघावं लागतं!

या मालिकेचा सिनेमा येणार असं 2017 साली जाहीर झालं होतं. वर्षं गेली, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये तो रद्द झाल्याची बातमी आली. मामेबहीण हळहळली आणि जेवायला लागली. पुरावेकर मात्र जेवणाच्या ताटावर बसून राहिला. मामींनी विचारलं, कुणी गेलं का रे?

"सात वर्षं थांबवलं लोकांना," तो म्हणाला. "आता कसं कळायचं, लग्न केलं की नाही त्यांनी?"

मामेबहिणीने घास तसाच हातात धरून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे," पुरावेकर घाईघाईने म्हणाला, "मित्रांचीही लग्नं होतातच की. वेगवेगळी."