नवशिक्यांसाठी: कुत्र्यासह मल्हारगड, तोही मे महिन्यात

आधी एक गैरसमज काढून टाका. ट्रेकला कुत्र्याला तुम्ही नेत नसता. पहाटे साडेचारला तोंडात पट्टा धरून दारात उभा असतो तो मोहिमेचा म्होरक्या. पाणी, वाटी, टॉवेल आणि गाडीची किल्ली सांभाळतो तो हमाल. पुढच्या सूचना हमालासाठी आहेत.

पहिल्या खेपेला मल्हारगडच बरा. सासवडजवळ सोनोरी गावाच्या डोक्यावर हा आटोपशीर किल्ला आहे. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला. मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला म्हणून त्याची ख्याती. चढ फार नाही, पण सावलीच्या नावानं शंख. विहिरी आहेत, पण मे महिन्यात त्यांच्या भरवशावर राहू नये.

सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्याआधी पायथा गाठा आणि नऊच्या आत गाडीत परत या. ‘पोहे खाऊन निघू’ म्हणणाऱ्या मित्राला पोह्यांपाशीच राहू द्या. ऊन चढलं की इथल्या काळ्या कातळाचा तवा होतो. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवून बघा. पाचव्या सेकंदाला ‘आई गं’ म्हणालात तर चिरंजीवांनी तिथून अनवाणी का चालावं?

कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांमधून, आणि तोही नावापुरता. बाकी सगळा कारभार जिभेवर आणि धापेवर. जीभ रुंद होऊन लोंबली, लाळ चिकट झाली, पाय अडखळले की गड राहिला बाजूला. त्याला सावलीत घ्या, म्हणजे बहुधा तुमच्याच सावलीत. पोट, काखा, जांघा साध्या पाण्यानं भिजवा, टोपीनं वारा घाला आणि उचलून खाली आणा. तिथून थेट डॉक्टरकडे. पंचवीस किलोचा कुत्रा खांद्यावर किती भरतो याचा सराव घरी जिन्यावर करून ठेवावा. पगसारख्या चपट्या नाकाच्या मंडळींना मुळात न्यायचंच नाही. त्यांना फोटो दाखवा.

पाण्यासाठी महागडी घडीची वाटी घ्यालच. पहिल्याच विसाव्याला चिरंजीव ती हुंगतील, तिच्या काठावर पंजा ठेवतील, आणि अर्धा लिटर बिसलेरी धुळीत जाईल. मग तोच चिखल ते मन लावून चाटतील. पुढच्या वेळी ओंजळ करा.

शिदोरी उघडताना सावध. थालीपिठातला कांदा, लाडवातले मनुके आणि तुमच्यासाठी आणलेलं चॉकलेट, तिन्ही कुत्र्याला विषारी. ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे वाक्य तोंडून निघण्यापूर्वी तोंडात थालीपीठ भरावं. त्याला साधी कोरडी भाकरी द्या.

गावातला एखादा कुत्रा न विचारता बरोबर येईल. त्याच्याकडे ना पट्टा, ना वाटी, ना लसीकरणाचं पुस्तक. तो तुमच्याआधी वर पोचून बुरुजावर बसलेला असेल आणि तुमच्या चिरंजीवांच्या रंगीत हार्नेसकडे निरखून बघेल. त्या वेळी आपण दुसरीकडे बघावं. पट्टा मात्र सोडू नका. उतारावर शेळ्या-मेंढ्या चरत असतात, आणि त्यांच्यामागच्या धनगराशी हुज्जत घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

बालेकिल्ल्यात महादेवाचं आणि खंडोबाचं, अशी दोन देवळं आहेत. ‘देवाच्या दारात कुत्रं कशाला?’ असं घरी ऐकून आला असाल तर खंडोबासमोर तो वाद तुम्ही जिंकलात. कुत्रा हा या देवाचा सोबती. वाघ्यांची परंपरा तर अशी की ते देवापुढे कुत्र्यासारखे भुंकत. तरीही चिरंजीवांना बाहेरच बांधा. त्यांनी पानशांच्या तटापाशी पाय वर केला तर इतिहासप्रेमींना तोंड तुम्हालाच द्यावं लागेल.

खरी मोहीम घरी आल्यावर सुरू होते. वाळलेल्या गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, कातडीत रुततात आणि पुढे पू धरतात. म्हणून चिमटा घेऊन बेचकं न् बेचकं तपासा. पट्ट्याखाली गोचीड आहे का तेही बघा. हे चालू असताना घरातलं एक माणूस कुरवाळायला, एक बॅटरी धरायला आणि एक ‘झालं हं बाळा, झालं’ म्हणायला लागतं. तुमच्या मोज्यांतली कुसळं तुमची तुम्ही उपटा, आणि तीही गॅलरीत जाऊन, घरात पडतात.