सरका की आत!

देवगाव फाट्यावर एसटी थांबते तेव्हा आत मुंगीला शिरायला जागा नसते, असं आतल्यांचं म्हणणं. खाली उभ्यांचं म्हणणं, मागं अख्खी गाडी मोकळी आहे. "सरका की आत, जागाच जागा आहे!" असं ओरडत एक मामा पिशवीसकट दारात घुसतात. दुसरा पाय पायरीवर टेकला की मागं वळून म्हणतात, "आता कुणी चढू नका, जीव गुदमरायलाय!" गाडी तीच, गर्दी तीच. मामा तेवढे खालून वर आले.

जगाच्या लोकसंख्येचा सव्वादोनशे वर्षांचा वाद मला पुस्तकात कळला नव्हता, तो या पायरीवर कळला.

1798 साली माल्थस नावाच्या इंग्रज पाद्र्यानं हिशोब मांडला : माणसं गुणाकारानं वाढतात, धान्य बेरजेनं; तेव्हा उपासमार ठरलेली. 1968 साली अमेरिकेच्या पॉल एर्लिक यांनी 'द पॉप्युलेशन बॉम्ब' लिहिलं. त्याची सुरुवातच दिल्लीतल्या गर्दीनं होते. ती गर्दी साहेबांनी पाहिली ती टॅक्सीत बसून. त्या काळी पॅरिस महानगराची वस्ती दिल्लीच्या दुपटीहून जास्त होती. पण पॅरिसच्या गर्दीत माणसं फिरायला जातात आणि दिल्लीच्या गर्दीत घाबरायला. खिडकीची जागा मिळाली की असं होतं.

समोरच्या बाजूला अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन. हे आपल्या कंडक्टरसारखे : अजून दहा सहज बसतील! माणूस नुसतं तोंड घेऊन येत नाही, डोकंही घेऊन येतो, असा त्यांचा मुद्दा. 1980 साली दोघांत पैज लागली. पाच धातू, दहा वर्षं. टंचाई आली तर भाव चढतील. भाव उतरले आणि 1990 साली एर्लिक यांनी 576 डॉलर 7 सेंटचा चेक मुकाट्यानं पाठवला. दुसरं एखादं दशक निवडलं असतं तर चेक उलट्या दिशेनंही गेला असता, ही गोष्ट सायमनभक्त सांगत नाहीत.

शिवाय पैज तांब्या-कथिलावर होती, पाण्यावर नव्हती. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. साधनं अफाट आहेत म्हणणाऱ्याला तेव्हा घागर देऊन रांगेत उभं करायला हवं होतं. आणि तोंडं फार झाली म्हणणाऱ्याला? त्याला त्याच मराठवाड्यातला ऊस दाखवायला हवा होता. पाणी कोण जास्त प्यालं, तान्ही पोरं की कांडी, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं. शिरगणती सोपी असते. ताटात कुणाच्या किती पडलं हे मोजायला गेलं की वाढपी रागावतो.

आता आपल्या सरकारचा न्याय पाहा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. आमदार-खासदार व्हायला अशी अट नाही. म्हणजे देश भरून वाहतोय तो आमच्या चावडीवर. विधानभवनात आणि संसदेत अजून भरपूर जागा आहे.

तेवढ्यात वारं फिरलं. 2022 च्या नोव्हेंबरात जग 800 कोटींवर गेलं, पुढच्या वर्षी आपण चीनला मागं टाकलं, आणि 2024 मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगितलं. आंध्रनं दोन अपत्यांची अटही काढून टाकली. नागपुरात सरसंघचालकांनी तीन मुलांचा हिशोब मांडला. काल तिसऱ्या पोरापायी ज्याचं पद गेलं, त्यानं आता भरपाई कुणाकडं मागायची? कालपर्यंत 'नका चढू', आज 'चढा, चढा'. ड्रायव्हर तेच.

या आरडाओरड्यात जिला विचारायला हवं ती बाई दांड्याला धरून गप उभी आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढं देशाची गर्दी नव्हती, बाईचं शरीर होतं. शंभर वर्षांनी महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी 1.7 मुलं, हा आकडा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा. हे कुणी केलं? ऑपरेशनच्या टेबलावर बायाच गेल्या. नसबंदी केलेले पुरुष शंभरात एकही भरत नाहीत. एसटीत तिला अर्धं तिकीट आहे. घरात पोरं किती, यात तिचं मत मोजायचं झालं तर तेही अर्धंच धरतात.

असो. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली, गाडी निघाली. फाट्यावर चार जण राहिले. आमच्या शेजारून काचा वर केलेली एक लांबलचक गाडी सुसाट गेली. आत सात जागा, माणूस एक. पायरीवरचे मामा मान वळवून तिच्याकडं बघत राहिले. मग खाली राहिलेल्या चौघांवर खेकसले, "केवढी ही गर्दी!"