मनीचे काहीतरी बिनसले आहे

पाळलेले मांजर एखाद्या दिवशी, कुणालाही विश्वासात न घेता, वेगळे वागू लागते. पलंगावर झोपणारे पलंगाखाली झोपते, दाराशी धावत येणारे माळ्यावरूनच खाली बघते, आणि वर्षानुवर्षे ज्या वाटीत खाल्ले त्या वाटीकडे घरपट्टीच्या नोटिशीकडे पाहावे तसे पाहून निघून जाते. ‘मनीचं काहीतरी बिनसलंय,’ असे घरातले कुणीतरी म्हणते आणि चिंतेला रीतसर सुरुवात होते.

हे कुणीतरी बहुधा आजी असते. दिवसभर मांजराच्या सोबतीला तीच असते आणि दोघींची दुपारची झोप एकाच खोलीत होते. बाकीच्यांना बदल दिसायला वेळ लागतो, यात त्यांचा फारसा दोष नाही. निरोगी मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपून काढते. उरलेल्या वेळातला बराचसा अंग चाटण्यात आणि खिडकीतून बाहेर बघण्यात जातो. त्यामुळे ‘मनी हल्ली सुस्त असते’ या वाक्यातले ‘हल्ली’ सिद्ध करणे फार कठीण. त्यात मांजराची जात पडली लपवालपवी करणारी. ते स्वतः शिकारी असले तरी मोठ्या जनावरांचे भक्ष्यही आहे आणि दुखणे चव्हाट्यावर आणणारे भक्ष्य फार दिवस टिकत नाही. कुत्र्याच्या पायात काटा गेला तर साऱ्या गल्लीला कळते. मांजराचा दात किडला तरी ते फक्त जरा जास्त गंभीर दिसते, आणि गंभीर तर ते एरवीही दिसतेच.

पहिला उपाय आजीच्याच हातचा असतो. मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दृष्ट काढली जाते. मूठ तीनदा ओवाळली जाते आणि तिसऱ्या फेरीला मनी मुठीवर झडप घालते. दृष्ट निघाली असे घरात मानले जाते. वैद्यकीयदृष्ट्या एवढेच सिद्ध होते की तिची नजर आणि पुढचे पंजे शाबूत आहेत, आणि खरे तर हेही काही कमी नाही.

चिंतेचे सर्वांत लोकप्रिय कारण म्हणजे मांजराने दूध सोडणे. मराठी म्हणींत मांजर डोळे मिटून दूधच पीत आले आहे, त्यामुळे त्याने बशी नाकारली की घराचा पायाच खचतो. वास्तविक वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध सोडणारे मांजर एका परीने शहाणे झालेले असते. मग त्याला पेढा दाखवला जातो. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, कारण ती ओळखणारे जनुक त्याच्या कुळात निकामी झालेले आहे. हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. मांजर पेढा हुंगते आणि तोंड फिरवते. ‘पेढासुद्धा नको म्हणतेय!’ असा पुकारा होऊन काळजी दुप्पट होते.

नाशिकच्या मांजरांना काही स्थानिक कारणेही उपलब्ध आहेत. त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे ढोल. नाशिक ढोल हा शहराचा अभिमान, आणि गणपतीच्या कितीतरी आधीपासून पथकांचा सराव संध्याकाळच्या वेळी मोकळ्या मैदानांवर सुरू होतो. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचा. अंधारात उंदराच्या पिल्लाची चीं टिपण्यासाठी घडलेल्या या कानावर शंभर-दीडशे ढोल एकदम पडतात. मनी संध्याकाळी कपड्यांच्या कपाटात शिरते आणि सराव संपल्यावर बाहेर येते, पण घरातल्यांना हा ताळमेळ दिसत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने आवाज असा काही होतच नसतो. ‘रोज एकाच वेळी कशी लपते ही?’ म्हणून सर्वांत जास्त हळहळतो तो घरातला धाकटा मुलगा. तो पथकात ताशा वाजवतो.

दुसरे कारण रंगपंचमीचे. जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी त्या दिवशी उघडतात आणि रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या मोठ्या हौदांत माणसे धप्पकन उड्या मारतात. मांजर आपले माणूस मुख्यतः वासावरून ओळखते. गाल आणि कपाळ माणसाच्या पायावर घासून ते स्वतःचा वास त्याला लावून ठेवते; लोक याला लाड समजतात, मांजराच्या लेखी ते मालकीहक्काची नोंद करणे आहे. रहाडीतून निथळत घरी आलेल्या माणसावर ही नोंद पूर्ण पुसलेली असते. मनी शेपूट फुगवून त्याच्यावर फिसकारते, आणि सकाळपर्यंत मांडीवर बसणारी पोर अशी का वागली म्हणून तो माणूस ओल्या कपड्यांनिशी दारातच उभा राहतो.

तिसरे कारण नात्यातले आहे. मांजर ही वाघाची मावशी, तेव्हा बिबट्याशीही तिचे काहीतरी लागत असणारच; नाशिक परिसरात या भाच्यांचा वावर उसाच्या शेतांपासून शहराच्या कॉलन्यांपर्यंत आहे. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरात भरदिवसा बिबट्या शिरला आणि काही जण जखमी झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये जिल्ह्यात एक बिबट्या मांजराचा पाठलाग करता करता विहिरीत पडला, मांजरही पडले. विहिरीच्या आतल्या कठड्यावर मावशी-भाचे समोरासमोर आल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. नाशिक पश्चिम वनविभागाने बिबट्याला बाहेर काढून त्याच्या अधिवासात सोडले आणि बातमीचा नायक अर्थातच तो ठरला. मात्र बंगल्याच्या कुंपणावर रोज रात्री फेरफटका मारणारे मांजर अचानक अंधार पडायच्या आत घरी येऊन बसू लागले, तर ‘आळशी झालंय’ असा शेरा मारण्यापूर्वी मखमलाबाद किंवा देवळालीकडच्या माणसाने दोन दिवसांची वर्तमानपत्रे चाळलेली बरी. खरे कारण बिबट्या नसून शेजारच्या वाड्यातला नवा बोका निघण्याचीच शक्यता जास्त. तरी वर्तमानपत्र वाचून नुकसान काही नाही.

माजावर आलेल्या मांजरीने घरात जो गोंधळ उडतो, तो वेगळाच. साधारण सहा महिन्यांची, कालपर्यंत दोऱ्याशी खेळणारी मनी जमिनीवर लोळू लागते, मागचा भाग उंचावते, रात्रभर असा काही टाहो फोडते की वरच्या मजल्यावरचे लोक विचारपूस करायला येतात. ‘पोटात मुरडा आलाय तिच्या, हिंगाचं पाणी द्या,’ असे आजोबा सांगतात. शेजारच्या काकू पदर सावरत म्हणतात, ‘अहो अण्णा, ती वयात आलीये.’ त्यानंतर आजोबा बराच वेळ वर्तमानपत्राआड असतात. मीलन झाले नाही तर हा प्रकार दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. त्याची लय दिवसाच्या उजेडावर चालते, पण घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असल्याने मनीच्या दृष्टीने ऋतू संपतच नाही. यावर नसबंदी हा एकच उपाय आहे. हिंगाचे पाणी आजोबांनीच घ्यावे. पावसाळ्यात कुंपणाकडेला उगवणाऱ्या खोकलीच्या मुळावर काही मांजरे अशीच लोळतात, तीही नशेत असल्यासारखी. तो अंमल थोड्या वेळात उतरतो.

फर्निचर हलवणे, पाहुणे येणे, नवे बाळ घरी येणे, वाटीची जागा बदलणे ही कारणे इतकी साधी आहेत की ती सर्वांत शेवटी सुचतात. जेवण टाकलेली पण अंगाने भरत चाललेली मनी हा तर शेजारपाजारी चौकशी करण्याचा विषय आहे. पितृपक्षात विशेष करून, कारण गच्च्यागच्च्यांवर कावळ्यासाठी वाढलेल्या पानांना मांजराचा आक्षेप नसतो.

इथवरची चिंता घरी बसून करता येते, पुढची नाही. बोका वारंवार रेतीत जाऊन बसतो, कुंथतो आणि लघवी होत नाही, किंवा थेंब-थेंब होते, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. असे मांजर कधी पलंगावर, कधी मोरीत, कधी इस्त्रीच्या कपड्यांवर थेंब टाकते. लोक म्हणतात, ‘मुद्दाम करतो, सूड घेतो.’ मांजराजवळ सुडासाठी याहून चांगली साधने आहेत. मूत्राशयाला सूज आली की त्याला रेतीचीच भीती बसते आणि ते दुसरी जागा शोधते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते, म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हे मुलांना लावायचे तत्त्व इथे चालत नाही. म्हातारे मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल आणि रात्री भिंतीकडे तोंड करून ओरडत असेल, तर थायरॉइडची तपासणी करावी लागते. आणि एरवी शांत असणारे मांजर अकारण अंगावर येऊन चावले तर रेबीजची शक्यता गृहीत धरायची: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचे. जखमेवर हळद लावायची नाही.

घरगुती उपचारांचा धोका कधी कधी आजाराहून मोठा असतो. मांजराचे अंग नेहमीच आपल्याहून गरम लागते. त्याचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे १०० ते १०२ फॅरनहाइटच्या घरात असते. कान चाचपून ‘तापलीये’ असा निर्णय होतो आणि कुणीतरी कळवळून पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी पुढे करते. हे औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. एक गोळी त्याला मारायला पुरते. दुसरा घातक पदार्थ जिल्ह्याच्या नावाशीच जोडलेला आहे. लासलगावचा कांदा जगभर जातो, पण मांजराच्या पोटात तो जाता कामा नये, कारण कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. रविवारच्या मटणाच्या रश्शातला तुकडा मायेने भरवला जातो, आणि दोन-चार दिवसांनी मनी निस्तेज का, हिरड्या पांढऱ्या का, असा प्रश्न पडतो.

दुखते आहे की नाही हे चेहऱ्यावरून वाचता येते. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे मिटत आलेत का, नाकातोंडाभोवतीचा भाग ताणलाय का, मिश्या ताठ झाल्यात का, डोके खांद्यांच्या खाली गेलेय का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार झाले की वेदना गंभीरपणे घ्यायची. गुरगुरण्यावर मात्र विसंबू नये, कारण मांजर सुखात गुरगुरते तसेच दुखण्यातही गुरगुरते. दुसरी खूण श्वासाची. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या आत हवेत. रात्री मोबाइलचे घड्याळ लावून, श्वास रोखून, घरातला कर्ता माणूस मनीच्या बरगडीकडे बघत बसतो. एक, दोन, तीन... सतराला ती एक डोळा उघडून बघते, कूस बदलते, आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

दवाखान्यात न्यायचे ठरले की मनीला ते आधी कळते. खास पिंजरा नसलेल्या घरात द्राक्षांचा प्लास्टिकचा क्रेट कामी येतो. त्यावर दुसरा क्रेट पालथा घालून सुतळीने बांधायचा. आत जुना टॉवेल, बाहेर ओरखडलेले दोन हात. अशोकस्तंभाजवळ जनावरांचा सरकारी दवाखाना आहे, खासगी डॉक्टर शहरभर आहेत. कुठेही गेले तरी संवाद सारखाच होतो.

‘काय होतंय हिला?’

‘डॉक्टर, रुसल्यासारखी वागतेय.’

‘खाते का?’

‘खाते, पण मनापासून नाही.’

‘शी-शू?’

इथे घरातले एकमेकांकडे बघतात. आठ दिवसांत पेढ्यापासून दृष्टीपर्यंत सगळे झालेले असते, रेतीकडे नीट कुणी बघितलेले नसते. दरम्यान मनी टेबलावर ताठ बसलेली असते, डोळे लख्ख, कान उभे, घरी आठवडाभर दिसलेले एकही लक्षण अंगावर नाही. म्हणून विचित्र वागणे दिसले की तेव्हाच त्याचे चित्रण करून ठेवावे; डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ उपयोगी पडतो. वजनही घरी घेता येते. आधी माणसाने एकट्याने काट्यावर उभे राहायचे, मग मांजर उचलून, आणि वजाबाकी करायची. यात माणसाचे वजनही कळते आणि चिंतेचा विषय काही काळ बदलतो.

घरात दुसरे मांजर असेल तर परतल्यावर एक काम उरते. मनीच्या अंगाला आता दवाखान्याचा, स्पिरिटचा आणि अनोळखी कुत्र्यांचा वास असतो, आणि पिल्लूपणापासून तिच्याबरोबर वाढलेला बोका तिला परकी समजून तिच्यावर धावून जातो. आजी म्हणते, आता याचे काय बिनसले. दोघांना काही तास, जरूर पडली तर एक-दोन दिवस, वेगळ्या खोल्यांत ठेवायचे, आणि एकमेकांची अंथरुणे बदलून द्यायची.