रायरांचा रिपीटर

हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर सांभाळणारा माणूस गावोगाव एकाच वळणाचा असतो. खिशात टेस्टर, शर्टावर सोल्डरिंगच्या थेंबानं पाडलेलं भोक, आणि बोलता बोलता नजर समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या पाण्याच्या टाकीकडे. पुण्यातही हा सापडतो, पण पुणेकराला सिंहगड आहे. तेराशे मीटरवर अँटेना चढवली की निम्मं काम डोंगरच करतो. अस्सल नमुना पाहायचा तर तो डोंगर नसलेल्या मुलखात पाहावा. म्हणून मी त्याला कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला बसवतो. चहूकडे सपाट भातशेती, मध्ये माड, आणि उंच म्हणावं असं फक्त देवळाचं गोपुर.

गाव निवडण्याला आणखी एक कारण आहे. १७९८ साली इंग्रजांनी अमरसिंह भोसल्यांना तंजावरच्या गादीवरून उतरवून सरफोजींना बसवलं, तेव्हा अमरसिंह इथे येऊन राहिले. राज्य गेलं, दरबार राहिला. पुढे मुलानं, प्रतापसिंहानंही तोच थाट चालवला. घनम् कृष्णय्यर या दरबारचे गवई, आणि तमिळ पदकार गोपालकृष्ण भारती हिंदुस्थानी संगीत शिकले तेही इथेच. प्रजा नसताना दरबार भरवायची रीत गावात अशी जुनी आहे. आमच्या माणसाचाही तेवीस-चोवीस किलोमीटरचा मुलूख आहे आणि प्रजा साडेचार माणसांची. अर्धा म्हणजे ज्याचा परवाना अजून दिल्लीहून यायचाय तो.

तंजावरी मराठी माणसाला तिकडे रायर म्हणतात, तेव्हा आपणही रायरच म्हणू. आपलं घराणं थेट व्यंकोजीराजांबरोबर आलं असं ते सांगतात. तसं तिथलं प्रत्येक घराणं सांगतं. व्यंकोजींच्या मागे निम्मा महाराष्ट्र चालत आला असावा.

रिपीटरचं काम सोपं आहे. हातातल्या पाच वॅटच्या सेटचा आवाज घरांतून-माडांतून फार लांब पोचत नाही. उंचावरचं यंत्र तो क्षीण आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी जोरानं पुन्हा हवेत सोडतं. ऐकायचं एका फ्रिक्वेन्सीवर, बोलायचं सहाशे किलोहर्ट्झ बाजूला सरकून दुसरीवर. रायर हे गावच्या महालिंगस्वामीच्या देवळावरून समजावतात. वरगुण पांड्याच्या मागे ब्रह्महत्या लागली होती. तो पूर्वेच्या दारानं देवळात शिरला, ती दाराशीच थबकली, आणि राजा पश्चिमेच्या दारानं निसटला. ती अजून तिथेच वाट पाहतेय, म्हणून भाविक आल्या दारानं परतत नाहीत. "रिपीटरचंही तेच," रायर म्हणतात. "आल्या दारानं आवाज बाहेर सोडलात की बसली मानगुटीवर!" ब्रह्महत्या म्हणजे यंत्राचाच स्वतःचा कोलाहल, त्यात लांबच्या मायावरम गावच्या माणसाची कुजबुज बुडून जाते.

ही दोन दारं अलग ठेवायला कॅव्हिटी लागतात. तांब्या-पितळेची बंद नळकांडी, लहरीच्या लांबीच्या पाव हिश्श्याची, म्हणजे साधारण अर्धा मीटर उंच. तयार मिळतात, पण किंमत ऐकून रायरांनी प्यायला पाणी मागितलं. मग त्यांना आठवलं की आपण राहतो कुठे. कुंभकोणमला पितळी भांडी घडवणारे पिढीजात कारागीर आहेत, नाचियारकोविलच्या समया तर सगळ्या दक्षिणेत जातात. रायर अशाच एका कारागिरापुढे नकाशा घेऊन बसले.

"रायर, वात कुठे लावायची?"

"वात नाही."

"मग पाणी कुठून भरायचं?"

"पाणी तर मुळीच नको."

"आत ठेवायचं तरी काय?"

"काही नाही. आत पोकळीच पाहिजे."

एवढं पितळ पोकळीवर घालवणारं गिऱ्हाईक कारागिरानं पाहिलेलं नव्हतं. हे नक्की कुठल्या तरी देवाचं काम, असं समजून त्यानं प्रत्येक झाकणावर कमळ कोरून दिलं. कमळाचा रेडिओला उपयोग नाही आणि अडचणही नाही. मजुरीत होतं म्हणून राहिलं.

कॅव्हिटीतला दांडा खरं तर इन्व्हार नावाच्या मिश्रधातूचा हवा, कारण तो उन्हानं जवळजवळ लांबत नाही. रायरांचा पितळेचा आहे. त्यामुळे अग्निनक्षत्राच्या, म्हणजे भर उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी बारा ते चार त्यांचा रिपीटर बहिरा होतो आणि संध्याकाळी आपोआप सुधारतो. "दुपारी झोपतो तो," रायर म्हणतात. "दोघंही," त्यांच्या पत्नी, म्हणजे मामी, आतून म्हणतात.

बाकीचं यंत्र म्हणजे एका टॅक्सीवाल्यानं मोडीत काढलेले मोटोरोलाचे दोन जीएम-३०० सेट. एक ऐकतो, एक बोलतो. सतत बोलणं टॅक्सीच्या सेटला झेपत नाही, म्हणून पंचवीस वॅटचा सेट दहावर बांधून ठेवलाय आणि त्याच्या पाठीशी मेलेल्या कॉम्प्युटरचा पंखा. बॅटरी ट्रॅक्टरची, तीही ट्रॅक्टरनं नाकारलेली. अँटेना दूरदर्शनच्या जमान्यातल्या, गच्चीगच्चीवरून गोळा केलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची. एकदा अँटेना एकाएकी बिघडली. रायर वीस मीटरच्या खांबावर चढून पाहतात तो कावळ्यानं घरटं बांधलेलं, आणि त्यात सगळी तार रायरांच्याच टेबलावरची.

या सगळ्या डोलाऱ्यामागचं अर्थशास्त्र मात्र पक्कं आहे. २०१६ पासून तमिळनाडूत घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांना शंभर युनिट वीज फुकट मिळू लागली. नुसता ऐकत बसलेला रिपीटर दहा-बारा वॅट घेतो, म्हणजे दोन महिन्यांचे सतराएक युनिट. बोलण्याचे वर तीन-चार. उरलेल्या ऐंशीत मामींनी संसार करायचा. फ्रिज ही रायरांच्या मते चैन आहे आणि मिक्सर ही तर रेडिओला त्रास देणारी वस्तू. खर्चाची वही ते मोडीत लिहितात. परंपरा म्हणून नव्हे, मामींना वाचता येऊ नये म्हणून.

उंचीची हाव मात्र फुकटात भागत नाही. वीस मीटरच्या खांबावरून कुंभकोणम आरामात मिळतं, मायावरमच्या माणसाला गच्चीवर चढावं लागतं, तंजावर स्वप्नात. जवळच गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं मोठं मंदिर झालंय, महाराष्ट्री धाटणीच्या उंच शिखराचं. रायर तिथे जातात, शिखराकडे पाहून हात जोडतात आणि पुटपुटतात. शेजारच्या बाईंना वाटतं नामस्मरण चाललंय. प्रत्यक्षात रायर शिखराच्या उंचीचं वर्गमूळ काढत असतात. त्याला चार पूर्णांक बाराने गुणलं की रेडिओचं क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. पांडुरंगाला त्यांनी आजवर काही मागितलेलं नाही. एवढं एकच मनात आहे.

आता त्यांच्या स्वभावातली मुख्य गोष्ट. रायरांना माणूस काय बोलतो ते ऐकूच येत नाही. कसा ऐकू येतो तेवढंच येतं. मायावरमचे एक सदस्य हृदयाची शस्त्रक्रिया उरकून बऱ्याच दिवसांनी हवेवर आले. डॉक्टर काय म्हणाले, छाती कशी उघडली, सगळं सांगून थांबले. रायर म्हणाले, "पाच-नऊ, पैकीच्या पैकी! सिग्नल झकास. फक्त बास जरा जास्त आहे, माईक दूर धरा." यात निष्ठुरपणा नाही. आवाज पोचवणं हे त्यांनी पत्करलेलं काम. मजकुराची जबाबदारी ज्याची त्यानं घ्यावी. शिवाय कुणी तीन मिनिटांच्या वर बोललं की त्यांचा टायमर यंत्रच बंद करतो, त्यामुळे साडेचार माणसांपैकी एकाचीही लांबलेली गोष्ट आजवर शेवटापर्यंत ऐकली गेलेली नाही.

यावर एरवी हसता येतं. पण २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होते. टेलिफोन गेले, आणि अंदमानातली खुशाली त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीवर पोचू लागली. इकडे नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. त्या दिवसाबद्दल बोलताना रायर बासची तक्रार करत नाहीत.

तेव्हापासून ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की रायर तयारीत असतात. वादळ यावं असं ते कधी म्हणत नाहीत. पण उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाल्याची बातमी लागली की बॅटरीला पाणी घालतात, कनेक्टरला टेप गुंडाळतात, आणि पट्टा आंध्राकडे वळला की त्या दिवशी जेवण जात नाही. थै पूसमच्या रथोत्सवात रथ जायचा म्हणून रस्त्यावरची वीज तोडतात, तेवढ्या तासा-दोन तासांवर भूक भागवून घेतात. गावभर अंधार आणि रायरांचा रिपीटर चालू! सांगायला कुणी नसतं, तरी ते हवेवर जाहीर करतात.

एका कार्तिकात मात्र वादळ खरंच जवळून गेलं. रात्री वीज गेली, वारा सुटला, आणि साडेचारच्या साडेचार प्रजा दरबारात हजर झाली. अर्धा फक्त ऐकायला. परवान्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा रायरांचा दंडक. पहिल्यानं विचारलं, "आवाज कसा येतोय?" पाच-नऊ. दुसऱ्यानं विचारलं, "माझा?" पाच-सात, पण स्वच्छ. तिसऱ्यानं बॅटरीचे व्होल्ट सांगितले, चौथ्यानं त्याला त्याचेच व्होल्ट परत सांगितले. सगळे एकमेकांना उत्तम ऐकू येत होते. पाऊस कुठे किती, रस्ता कुठे बंद, हे विचारायचं तासभर कुणालाच सुचलं नाही. रायर हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत होते.

खालून मामींनी हाका मारल्या. दार वाजवलं. शेवटी त्यांनी मोबाईल लावला. तो नेहमीसारखाच चालू होता.

"हॅलो," रायर म्हणाले, "तुझा आवाज तुटतोय."

"आवाज तुटू द्या! परसात गुडघाभर पाणी आलंय, मोटर बुडतेय!"

"तीन-चार," रायर म्हणाले. "जरा खिडकीकडे सरक आणि पुन्हा सांग."