आपापल्या जबाबदारीवर

आमचे एक ठेकेदार स्नेही आहेत. आधी ते सेप्टिक टँक बांधत, मग शेततळी खणू लागले आणि लोणावळा-कर्जतकडचे बंगले शनिवार-रविवारी भाड्याने जाऊ लागल्यापासून स्विमिंग पूल बांधतात. खड्डा तोच, टाइल्स तेवढ्या निळ्या झाल्या. या चढत्या वाटेवर त्यांना कुणी परवाना विचारला नाही. बंगल्याच्या नकाशाला आर्किटेक्टची सही लागते, विजेच्या कामाला लायसन्सवाला वायरमन लागतो. पूल बांधणाऱ्याला लागतो तो मोबाइल नंबर.

परवा त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या भाच्याने मागच्या अंगणात पूल बांधायला काढला आणि मामांना तिथले नियम कळवले. मामा दोन दिवस जेवले नाहीत.

तिथे ठेकेदारांना परवाने देणारं सरकारी मंडळच आहे, १९२९ पासून. पूलवाल्यांचा वर्ग वेगळा, त्याचं नाव सी-५३. कसबी कारागीर म्हणून चार वर्षांचा अनुभव दाखवा, कायद्याचा एक आणि कामाचा एक असे दोन पेपर द्या, बोटांचे ठसे द्या. वर २५ हजार डॉलरचा बाँड. ‘एवढं केल्यावर माणूस कलेक्टर होईल, खड्डे कशाला खणेल?’ हा मामांचा सवाल.

खरा घाव पुढे होता. ॲडव्हान्स साधारणपणे १० टक्के किंवा एक हजार डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढाच घ्यायचा. आपल्याकडे निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय फावडं खांद्यावरून उतरत नाही, कारण त्या पैशांतून मागच्या गिऱ्हाइकाचा पूल पुरा करायचा असतो. हे अर्थशास्त्र अमेरिकेला अजून समजलेलं नाही. त्यातून परवान्याशिवाय काम केलंच, तर पूल कितीही देखणा होवो, कोर्टात बिल मागता येत नाही. उलट मालक दिलेले पैसेही परत मागू शकतो. मंडळाची माणसं तर घरमालकाचं सोंग घेऊन बिनपरवान्याच्या ठेकेदारांना बोलावतात आणि पकडतात. ‘अतिथीला असं वागवतात?’ मामा गहिवरले.

विम्याच्या कलमाशी मात्र त्यांचा चेहरा खुलला. कामगार असतील तर त्यांचा विमा सक्तीचा. पण ‘माझ्याकडे एकही कामगार नाही’ असं लिहून दिलं की पूलवाल्याला सूट! म्हणजे तिथेही कागदावर एकटा माणूस खणतो, सळई बांधतो, काँक्रीट मारतो आणि संध्याकाळी स्वतःलाच मजुरी देतो. हा चमत्कार विधिमंडळाच्याही ध्यानात आला. ही पळवाट बुजवायचा कायदा २०२२ मध्ये झाला आणि मग त्याची तारीख पुढे ढकलली गेली. ‘आपलीच माणसं आहेत रे,’ मामा म्हणाले आणि त्यांनी जेवायला घेतलं.

आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आला. तो मामांच्या कानावर यायचा आहे. त्यांचा विमा साइटवरच असतो: खड्ड्याच्या कडेला नारळ आणि पूल भरला की भिंतीवर पाटी, ‘आपापल्या जबाबदारीवर पोहावे.’ हप्ता एकदाच, पेंटरला द्यायचा. नूतनीकरण नाही, सर्व्हेअर नाही. पाण्यातल्या दिव्याचं अर्थिंग राहिलं, तळाच्या जाळीचा स्क्रू निघाला, चिमुरडं पोर कुंपण नसलेल्या काठावर गेलं, सगळे धोके या एका ओळीत येतात. कॅलिफोर्नियात घरच्या नव्या पुलाला कुंपण, झाकण, अलार्म अशा सात उपायांपैकी दोन तरी करावे लागतात. लोक पाटी वाचत नसावेत.

मी एवढंच विचारलं, की पाटी लागते पूल झाल्यावर. खणताना दहा फुटांवरून माती ढासळली, तर खाली असलेल्या मजुराचं काय?

मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘त्याला कशाला पाटी? तो थोडाच पोहणार आहे!’